लाम्बेर्तोचं फाटक

लाम्बेर्तो आरास कुणावर विश्वास ठेवत नसे आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नसे. उलट विश्वास ठेवणारी माणसं भेटली की त्याला त्यांची कीव यायची. "भोळा माणूस आणि फुटका पाट, दोन्ही दुसऱ्याचीच शेतं भिजवतात," असं तो म्हणायचा. हा संशय त्याच्या रक्तातच होता, असं त्याची बायको ब्लासा सांगते. गावाला विचाराल तर ती धंद्याची देणगी. उभी हयात त्यानं पाटकरी म्हणून काढली. आमच्याकडे आरागोनमध्ये उन्हाळाभर पाऊस तोंड दाखवत नाही आणि पाण्याची एक पाळी चुकली तर पीच लिंबाएवढाच राहतो, त्यामुळे पाणी चोरत नाही असा बागवाला अजून जन्माला यायचा आहे. पाटाच्या दाराशी बसलेला चिखल बोटानं दाबून लाम्बेर्तो सांगायचा, हे दार कधी उघडलं. कुणी उघडलं ते तो बारमध्ये तोंडं बघून ओळखायचा.

सख्ख्या पुतणीच्या लग्नात हा गृहस्थ भरल्या ताटावरून उठला आणि नवऱ्या मुलाच्या बापाला विचारायला गेला, "तुमच्या बुटांना ओला चिखल कसा? आज पाळी तर दुसऱ्याची आहे." सगळी मेजवानी थंड पडली. वाईट एवढंच की अंदाज खरा निघाला. व्याही पहाटे दार उघडून आले होते, आणि तेव्हापासून ते लाम्बेर्तोला पाण्यात पाहतात.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला असता तर ब्लासाचं काही खरं नव्हतं. पण त्याच सुमारास खाली एब्रो नदीत शिंपला आला. नखाएवढा, अंगावर काळेपांढरे पट्टे असलेला हा झेब्रा शिंपला कुठल्याशा लांबच्या मुलखातून बोटींच्या बुडाला चिकटून आला म्हणतात. तो दगडाला चिकटतो, दोराला चिकटतो, नळात शिरून नळ बंद करतो आणि एकदा बसला की जात नाही. खालच्या गावांनी पाण्याचे नळ कापून काढले, नवे टाकले, तेही भरले. आमचं धरण एब्रोला मिळणाऱ्या लहान नदीवर, डोंगरात उंचावर. तिथलं पाणी स्वच्छ होतं आणि त्याच पाण्यावर आमच्या सगळ्या बागा. ते तसंच राहावं म्हणून नदीखोरे कार्यालयानं धरणाकडे उतरणाऱ्या एकुलत्या रस्त्यावर फाटक घातलं, फाटकापाशी पाणी तापवायचा बंब आणि फवाऱ्याची नळी बसवली आणि विचारलं, इथे कुणाला बसवू? सगळ्या गावानं एका तोंडानं लाम्बेर्तोचं नाव सांगितलं. त्यात कौतुक किती आणि तो निदान पाटावरून तरी हलेल ही आशा किती, ते ज्याचं त्याला माहीत.

फाटकाशी तो अगदी खुलला. येणारी प्रत्येक होडी तो कढत पाण्यानं आतून बाहेरून धुवायचा. दोर, जाळी, नांगर, इंजिनाच्या पोटातलं पाणी, काही सोडायचा नाही. मग बाह्या सारून होडीच्या बुडावरून तळवा फिरवायचा, कारण कोवळा शिंपला डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला रव्यासारखा लागतो. सगळं झालं, पाहुणा हसून गाडीत बसायला लागला की लाम्बेर्तो आडव्या दांड्यावर हात ठेवून म्हणायचा, "बूट दाखवा." मग पाहुण्यानं एक पाय उचलायचा, मग दुसरा. मासेमारीला आलेले परदेशी चिडायचे. एका कपाळकरंट्यानं अनवाणी पाय पुढे केले, तर यानं तेही धुतले.

सगळ्यात जास्त वेळा बूट दाखवले असतील ते साबिनोनं. साबिनो म्हणजे ब्लासाचा धाकटा भाऊ. एब्रोतले माणसाएवढे मांजरमासे पकडायला जे हौशी लोक येतात त्यांना तो आपल्या होडीतून फिरवायचा. गेल्या वर्षीपासून तो वरच्या धरणातही गिऱ्हाइकं आणू लागला होता. त्याचं पोट त्या होडीवर होतं, आणि ती आज खालच्या पाण्यात, तर उद्या वरच्या. त्यामुळे लाम्बेर्तो त्याच्या होडीवरून हात दोनदा फिरवायचा.

"दाजी, माझ्या बहिणीलाही असंच धुऊन घरात घेता का?" साबिनो विचारायचा.

"तुझी बहीण एब्रोत पोहत नाही. इंजिन उलटं कर."

"शनिवारी पत्त्यांना तरी याल ना? का पत्तेही धुऊन आणू?"

"तू वाटणार असशील तर आण."

शनिवारी दोघं बारमध्ये गिन्योतेचा डाव मांडायचे, नेहमी एकमेकांचे भिडू म्हणून. साऱ्या गावात त्या एकाच माणसाकडे लाम्बेर्तो बिनघोर पाठ फिरवू शकायचा, असं म्हटलं तरी चालेल. अर्थात तसं त्यानं कधी कबूल केलं नसतं.

आता आमच्या देवळातल्या मातेबद्दल सांगायला हवं. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं. निम्मी घरं वर टेकाडावर आली, निम्मी खाली एब्रोच्या काठी गेली. गुरं वाटली, भांडी वाटली, थडग्यांतली हाडंसुद्धा वाटून झाली. माता तेवढी वाटता येईना. नदीच्या उतारावर, जिथून नावाडी माणसं पलीकडे न्यायचा, तिथे तिचं देऊळ होतं. हातभर उंचीची लाकडी मूर्ती, एक गाल झिजलेला. भांडणं झाली, बायकांनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या आणि शेवटी ठरलं, उन्हाळा खाली, हिवाळा वर. तेव्हापासून दर मे महिन्यात माता जुन्या नावाड्याच्या होडीत बसून खाली जाते आणि सप्टेंबरात परत येते. होडी लाकडी आहे. वाळली तर फळ्या फाटतात. म्हणून खाली ती उन्हाळाभर नदीतच बांधलेली असते आणि वर आणताना ट्रॅक्टरमागच्या गाड्यावर ओली गोणपाटं पांघरून, तळात वीतभर नदीचं पाणी तसंच ठेवून आणतात. धरणाच्या काठी नव्यानं बांधलेल्या देवळाच्या धक्क्याशी पोचल्यावर त्या पाण्याची एक घागर भरायची, आणि मान असलेल्यानं ती धरणात ओतायची. खालचं पाणी वरच्याला भेटलं की बुडालेलं गाव पुन्हा एक झालं, असं मानायचं. म्हाताऱ्या रडतात. म्हातारेही रडतात, पण ते चष्मा पुसतात.

दोन वर्षांपूर्वी तो मान लाम्बेर्तोला मिळाला होता. "जो पाणी राखतो त्यानंच ओतावं," असं पाद्री मोसेन आन्सेल्मो देवळात म्हणाले. लाम्बेर्तोनं नवा शर्ट शिवून घेतला. पाटकऱ्याला उभ्या जन्मात लोकांनी शिव्याच दिलेल्या, आणि आज दोन्ही गावं त्याच्याकडे बघत टोप्या काढून उभी. घरी आल्यावर ब्लासाला म्हणाला, "आता मेलो तरी चालेल." ब्लासा म्हणाली, "आधी शर्ट काढ, भिजलाय."

या वर्षी जूनमध्ये निएवेसच्या बागेतले पाण्याचे फवारे एकाएकी मंदावले. निएवेस आमच्या पाणी सोसायटीची अध्यक्ष, तोंडाची फटकळ. तिनं गाळणी उघडली आणि त्यातून जे निघालं ते कॉफीच्या कपात घालून तशीच बारमध्ये आली. लाम्बेर्तो पत्ते पिसत होता, समोर साबिनो. तिनं कप त्याच्यापुढे ठेवला. तळाशी तीन-चार पट्टेदार शिंपले होते.

"हे तुझ्या फाटकातून आलं," ती म्हणाली.

"माझ्या फाटकातून काही आलेलं नाही."

"मग आकाशातून पडलं? रस्ता एकच आहे, लाम्बेर्तो. आणि त्या रस्त्यावर तू बसतोस."

लाम्बेर्तोनं एक शिंपला उचलून अंगठ्यानं चाचपला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत हळू, "मेव्हण्याची होडी धुतो की नुसती कुरवाळतो, ते विचारा."

साबिनो हसला. एकटाच हसला, आणि मग त्याच्याही लक्षात आलं.

त्या दिवसापासून आमचं गाव बघवेना. इतकी वर्षं लाम्बेर्तो एकटा संशय घ्यायचा, आता सगळेच लाम्बेर्तो झाले. कुणाच्या पुतण्यानं खालून बादलीभर मासे आणले होते, कुणाची मुलगी एब्रोत पोहून तशीच ओल्या कपड्यानं आली होती, सगळं आठवून आठवून बाहेर निघालं. शेजारी शेजाऱ्याच्या अंगणातली वाळत घातलेली जाळी बघू लागला. पण फिरून फिरून गाडी यायची ती साबिनोवर, आणि साबिनोवरून लाम्बेर्तोवर. नात्यातला म्हणून सोडलं असणार. हे त्याच्या तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. त्याला तोंडावर म्हणायची गरज नव्हती. समोरचा काय गिळतो आहे हे ओळखण्यात त्याचा जन्म गेला होता.

एका सकाळी तो साबिनोच्या गोठ्यावरून जात होता. होडीचा गाडा बाहेर उभा, चाकांपासून वरपर्यंत ओला.

"हा ओला कसा?"

"खाली धुतला, दाजी. तिकडेही आता धुवायची सोय झालीय. म्हटलं, तुमचे कष्ट वाचतील."

"कुणी पाहिलं धुताना?"

"पाहायला काय, मी अंघोळ करत होतो?"

"साबिनो, मी चेष्टा करत नाहीये."

साबिनो होडीवरून खाली उतरला. "दाजी," तो म्हणाला, "तुम्ही खरंच विचारताय?"

लाम्बेर्तोनं गाड्यावरून बोट फिरवलं. धुतलेलं ओलं आणि न धुतलेलं ओलं हाताला सारखंच लागतं. त्या क्षणी त्याला हवं असतं तर तो आपल्या भिडूवर विश्वास ठेवू शकला असता. पण भर बाजारात त्याच्या इमानावर थुंकलं गेलं होतं, आणि ते पुसून काढायला त्याच्याकडे एकच फडकं होतं. दुपारी त्यानं नदीखोरे कार्यालयाला फोन करून साबिनोचं नाव दिलं.

साबिनोची होडी चौकशी होईपर्यंत सील झाली. तिच्या बुडाला काही सापडलं नाही. पण सील निघालं नाही, आणि गावाला तर सीलच पुरेसं होतं. गिऱ्हाइकं गेली. पोरंसोरं त्याला 'पट्टेवाला' म्हणू लागली. तो पीच तोडायला निएवेसच्याच बागेत मजुरीवर गेला, तर तिथे दुसरे मजूर जेवायला त्याच्यापासून लांब बसू लागले. लाम्बेर्तोचं नाव मात्र झळकलं. सख्ख्या मेव्हण्यालाही सोडलं नाही, असा खमक्या माणूस! बारमध्ये दोघांनी त्याला वाइन पाजली. ती त्याला कडू लागली, पण तो प्यायला.

रस्त्यात गाठ पडली तेव्हा साबिनोनं टोपीला हात लावला. "नमस्कार, फाटकवाले साहेब," तो म्हणाला आणि पुढे गेला. दाजी नाही, काही नाही.

ब्लासा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. शिळ्या पावाचा चुरा लसणावर परतून त्यात ती नेहमी मूठभर द्राक्षं टाकायची, कारण लाम्बेर्तोला तो तसाच आवडतो. आता चुरा कोरडा येऊ लागला. द्राक्षं टेबलावर, वाडग्यात, त्याच्या डोळ्यांसमोर.

ऑगस्टमध्ये कार्यालयाच्या लेइरेबाई आल्या. शिंपला धरणात कुठे कुठे बसलाय ते त्यांना पाहायचं होतं. लाम्बेर्तो वल्हवायला बसला. मासेमारीच्या घाटावर, जिथे साबिनोची होडी उतरायची, तिथला एकेक दगड त्यांनी उलटापालटा केला. काही नाही. लाम्बेर्तोनं स्वतः तळवा फिरवला. गुळगुळीत. पलीकडच्या काठाला काही नाही. मग ते देवळाच्या धक्क्याशी आले. बाईंनी पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि खांबावरून मुठीएवढा गड्डा खरवडून वर काढला. शिंपल्यावर शिंपला, द्राक्षांच्या घोसासारखा.

"हे मूळ," त्या म्हणाल्या. "आणि वाढ बघा. हे मोठे दोन उन्हाळ्यांपूर्वीचे तरी आहेत. निएवेसबाईंच्या नळात गेले ते यांची पिल्लं."

"बदकं," लाम्बेर्तो म्हणाला. "मी आधीपासून म्हणतोय, बदकं हरामखोर आहेत."

"बदकानं आणलं असतं तर कुठेही टाकलं असतं. हे सगळं एका जागी आहे. इथे कुणाची होडी लागते?"

"इथे? इथे कुणालाच परवानगी नाही, मॅडम. इथे फक्त माता उतरते."

बोलून गेला, आणि मग आपणच बोललेलं त्याला ऐकू आलं.

त्यानं वल्हं धरून ठेवलं. बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. त्या बाहेरगावच्या, माता उतरते म्हणजे जिन्यावरून उतरते की स्वर्गातून, त्यांना काय ठाऊक. हिवाळ्यात पाणी खाली घेऊ, त्या सांगत होत्या, हे काठाचे उघडे पडतील आणि थंडीनं मरतील. सगळे मरतील असं नाही, पण आशा आहे. "फक्त नवे येता कामा नयेत. नवे आले की केलेलं सगळं पाण्यात." लाम्बेर्तो मान हलवत होता. त्याच्या डोळ्यांपुढे ती होडी होती. उन्हाळाभर एब्रोत बांधलेली, गोणपाटं पांघरलेली, तळात वीतभर पाणी घेऊन त्याच्या फाटकाशी येणारी. दरवर्षी तो दांडा वर करायचा, टोपी काढायचा, क्रूसाची खूण करायचा आणि फळीला ओठ लावायचा. जो हात सगळ्या जगाच्या होड्यांवरून फिरला तो त्या एका होडीच्या बुडाला कधी लागला नव्हता. आणि दोन वर्षांपूर्वी तर ते पाणी घागरीत भरून, नवा शर्ट घालून, इथेच, याच खांबाशी त्यानं स्वतःच्या हातानं ओतलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातला कळसासुद्धा खोटा नव्हता.

बाईंना तो काही बोलला नाही. संध्याकाळी ब्लासाला सांगितलं, तिच्याकडे पाठ करून, चुलीपाशी उगाच लाकडं सारखी करत.

ब्लासानं वाडगा बाजूला सारला. मग म्हणाली, "त्या बाईंना सांगितलंस?"

"नाही."

"त्यांना नंतर सांग. आधी माझ्या भावाला सांग."

तो साबिनोच्या दारापर्यंत गेला. दिवा लागलेला होता, आत ताटलीचा आवाज येत होता. लाम्बेर्तोनं कडीला हात घातला आणि तसाच परत फिरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, पुन्हा परतला. चोराच्या मागावर काळोखात कुठेही शिरणारा हा माणूस, पण निरपराध माणसाच्या दारात त्याचे पाय उचलेनात. शेवटी तो मोसेन आन्सेल्मोंकडे गेला.

मोसेन भला माणूस, पण दोन गावांच्या मध्ये बसून बसून त्यांची पाठ वाकलेली. सगळं ऐकून त्यांनी दार लावून घेतलं.

"हे बाहेर बोलू नकोस," ते म्हणाले. "खालच्यांना काय वाटेल? आमची माता वर गेली की यांना आमचं पाणी घाण वाटतं, हे ते आधीच बोलतात. आपण असं करू. होडी आदल्या दिवशी गुपचूप मागवून घेऊ, धुऊन टाकू. आणि घागरीत नळाचं पाणी भरू. पाणी ते पाणी. कुणाला कळणार आहे?"

"आणि साबिनो?"

"साबिनोचं काय?"

"पुढे शिंपला आला नाही, तर लोक म्हणतील, बघा, साबिनोची होडी बंद केली आणि शिंपला थांबला."

मोसेन खिडकीबाहेर बघू लागले. "वेळ जाईल तसं विसरतील रे."

"मोसेन, या गावात माझ्या आज्यानं चोरलेली पाळी लोक अजून सांगतात."

घरी येताना लाम्बेर्तोला मोसेनचा तोडगा फार आवडला होता, हे खरं सांगायला हवं. धरण वाचत होतं. माता वाचत होती. तो वाचत होता. जन्मभर दुसऱ्यांच्या मनातली लबाडी हुंगत आलेल्या माणसाला ती स्वतःच्या मनात सापडली, आणि वास तोच होता. तेवढ्यानं त्याला झोप लागेनाशी झाली.

सप्टेंबरात माता आली. भर दुपारी, ऊन कडक, पुढे ढोल आणि सनई, मागे खालचं गाव चालत, इकडून वरचं गाव फाटकाशी सामोरं गेलेलं. ट्रॅक्टर चालवत होता खालचा म्हातारा सिरियाको. होडी नेहमीसारखीच, ओल्या गोणपाटांखाली, पाणी ठिबकत. आदल्या दिवशी कुणी ती गुपचूप मागवली नव्हती, कारण लाम्बेर्तोनं मोसेनना हो किंवा नाही, काहीच कळवलं नव्हतं. मोसेन त्याच्याकडे बघत होते. सगळे वाट बघत होते की तो दांडा वर करेल आणि टोपी काढेल.

लाम्बेर्तोनं टोपी काढली. दांडा तसाच राहिला.

"काय रे, गंजला का?" सिरियाको ट्रॅक्टरवरून ओरडला.

"होडी धुवायची आहे."

"कुणाची होडी?"

"हीच."

ढोल थांबला. सिरियाको सावकाश खाली उतरला. "म्हणजे आमचं पाणी घाण का? आम्ही उन्हाळाभर तिला जपली, फुलं घातली, आणि तू तिला कढत पाणी मारणार? कुत्र्याच्या पिल्लासारखं?"

"याला आता मातेचाही संशय यायला लागला!" वरच्यांतलं कुणीतरी म्हणालं. हशा पिकला, पण तो हशा चांगला नव्हता. निएवेस पुढे आली. "लाम्बेर्तो, बाजूला हो. शिंपला कुणी आणला ते सगळ्या गावाला माहीत आहे."

"माहीत नाही," लाम्बेर्तो म्हणाला. "मलाच माहीत नव्हतं, तर तुम्हाला कुठून असणार?"

तो गाड्यापाशी गेला. होडीच्या बुडाखाली हात घालून त्यानं तळवा फिरवला, आणि मग सिरियाकोचा हात धरून तिथे ठेवला. "काय लागतं?"

सिरियाको कुरकुरला, पण त्याचा हात तिथेच थांबला. "खरखरतं," तो शेवटी म्हणाला. "वाळूसारखं."

"वाळू नव्हे ती." लाम्बेर्तो लोकांकडे वळला. "शिंपला देवळाच्या धक्क्याला बसलाय. दोन वर्षांचा आहे. तेव्हा साबिनोची होडी या धरणात उतरतही नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिथे घागर कुणी ओतली ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. ती मी ओतली. साबिनोचा गाडा धुतलेला होता म्हणून ओला होता. त्यानं मला सांगितलं होतं. मी माझं नाव वाचवायला त्याचं दिलं."

ब्लासा मान खाली घालणारी बाई नव्हे, ती सरळ भावाकडे बघत होती. साबिनो अगदी मागे, भिंतीच्या सावलीत उभा होता, पीचची लव अंगावर, हात छातीशी बांधलेले.

पहिले हलले ते मोसेन. त्यांनी गोणपाट बाजूला सारलं, मातेला लेकरासारखं कडेवर घेतलं आणि झाडाखाली जाऊन उभे राहिले. "धुवा," एवढंच म्हणाले. सिरियाकोनं आणखी एकदा बुडाखाली हात घातला, बोटं हुंगली आणि शिवी हासडली, बहुधा शिंपल्याला. मग त्यानं आणि आणखी चौघांनी होडी कलती करून तळातलं पाणी रस्त्याच्या तापल्या दगडांवर ओतलं. घागर घेऊन उभी असलेली गावातली एक नवी सून ते पाणी जमिनीत जिरताना बघत राहिली. पाण्याचा लोट लाम्बेर्तोच्या रबरी बुटांवरून गेला.

बंब तापलेला होता. लाम्बेर्तोनं नळी उचलली, होडीकडे रोखली, आणि त्याला पाणी सोडताच येईना. त्या फळीला त्याच्या आईनं ओठ लावले होते. आजीनं लावले होते.

मागून वाट काढत कुणीतरी आलं आणि त्याच्या हातातून नळी घेतली. साबिनो. त्यानं लाम्बेर्तोकडे पाहिलंही नाही. बूड, कडा, फळ्यांच्या फटी, दोर अडकवायची कडी, गोणपाटं, गाड्याची चाकं, एकेक करत त्यानं सगळं धुतलं. लाम्बेर्तोनं त्याला जसं सतावून सतावून शिकवलं होतं, अगदी तसंच. वाफेत दोन्ही गावं उभी. शेवटी साबिनोनं बुडावरून तळवा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला आणि मान हलवली. सिरियाको ट्रॅक्टरवर चढला.

लाम्बेर्तो दांडा वर करायला फाटकाकडे निघाला. मागून नळी जमिनीवर घासत आल्याचा आवाज आला.

"दाजी."

लाम्बेर्तो थांबला.

"बूट दाखवा," साबिनो म्हणाला. चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि बंबातलं पाणीही त्यानं जराही निवू दिलं नव्हतं.

लाम्बेर्तोनं दांड्याचा आधार घेतला आणि एक पाय उचलला, मग दुसरा.